मावशीची गोष्ट, भाचीचा सिनेमा

पत्र (थोडं आटोपून):

ताई, मी एकतीस वर्षांची आहे, मुंबईत सहायक दिग्दर्शक म्हणून काम करते. माझ्या पहिल्या स्वतंत्र मराठी सिनेमाची संहिता तयार आहे. गोष्ट माझ्या सख्ख्या मावशीची. मिरजेत राहणारी, दोन मुलांची आई, चाळिशीला टेकलेली बाई १९९४ साली एका परपुरुषाच्या प्रेमात पडते. दोन वर्षं ते चालतं आणि संपतं. घरात कुणाला कळलं नाही. गेल्या वर्षी मावशीचं ऑपरेशन झालं तेव्हा रात्री तिच्याजवळ मी असायचे, तेव्हा तिने मला सगळं सांगितलं. काका हयात आहेत. ती सत्तरीला आली आहे आणि तिला सिनेमाबद्दल काहीच माहीत नाही. निर्माता मिळालाय, छोटं बजेट आहे, दिवाळीनंतर मिरजेतच शूटिंग. तिला विचारलं आणि ती नाही म्हणाली तर दोन वर्षांची मेहनत पाण्यात. मी नावं बदलली आहेत, 'सर्व पात्रे काल्पनिक' अशी पाटीही टाकणार आहे. लोकांना तिची बाजू पटावी म्हणून नवरा दारुडा आणि मारकुटा केलाय, खरे काका तसे नाहीत, साधे आहेत. निर्मात्याला शेवट बदलून हवाय, तिने नवऱ्याची माफी मागावी असा. आणि नायिकेचं काम करणारी मुलगी एका प्रणयदृश्यापाशी अडलीय. संहितेतले दोन सीन सोबत जोडतेय. मी काय करू?
एक भाची

प्रिय भाची,

मावशीला विचार. लोकेशनचे पैसे भरायच्या आधी विचार, आणि ती नाही म्हणाली तर हा सिनेमा या रूपात होणार नाही एवढं मनाशी पक्कं करून मगच विचार. बाकीच्या प्रश्नांची उत्तरं याच्याशी बांधलेली आहेत, म्हणून हे सगळ्यात आधी.

तिने तुला हे कधी सांगितलं ते आठव. ऑपरेशन झालेलं, रात्रीची वेळ, उशाशी भाची. जे तिने तीस वर्षं सख्ख्या बहिणीला, म्हणजे तुझ्या आईलाही सांगितलं नव्हतं, ते तुला सांगितलं. ऐकता ऐकता तुला त्यात सिनेमा दिसायला लागला असेल तर त्यात काही वाईट नाही, लिहिणाऱ्याचं मन तसंच चालतं. पण तिने ते भाचीच्या भरवशावर सांगितलं. समोरची मुलगी हे उद्या पडद्यावर आणणार आहे हे ठाऊक असतं तर तिने तोंड उघडलं असतं का, हे तू तिच्या वतीने ठरवू शकत नाहीस.

तू पाठवलेले दोन्ही सीन मी वाचले. चांगले आहेत, विशेषतः पहिला. आणि त्यातूनच कळतं की नावं बदलून काही झाकलं जात नाही. निळी लुना, गुरुवारी लवकर सुटणारं ऑफिस, सतारी बनवणाऱ्यांच्या गल्लीतली वरच्या मजल्यावरची खोली, कंपाउंडरकाम सोडून लायब्ररीत लागलेला तो माणूस. माणसं नावावरून ओळखू येत नाहीत, अशा खुणांवरून ओळखू येतात. मिरजेसारख्या गावात, त्याच रस्त्यांवर, गावातलीच माणसं गर्दीत उभी करून तू शूटिंग करणार, आणि दिग्दर्शक कुणाची भाची हेही सगळ्यांना माहीत असणार. ट्रेलर आला की मावशीच्या शेजारणीला दोन मिनिटं पुरतील. 'काल्पनिक'ची पाटी तिथे कुणी वाचत बसणार नाही.

कायद्याचंही ऐकून ठेव, म्हणजे निर्मात्याशी बोलताना उपयोग होईल. तुझी गोष्ट ज्या वर्षी घडते त्याच वर्षी, १९९४ साली, सर्वोच्च न्यायालयाने 'आर. राजगोपाल' खटल्यात (लोक त्याला 'ऑटो शंकर' खटला म्हणतात) सांगितलं की माणसाचं खासगीपण, त्याचं लग्न, कुटुंब, मूल होणं अशा गोष्टींबद्दल त्याच्या संमतीशिवाय कुणी काही प्रसिद्ध करू नये. सार्वजनिक दस्तऐवजात आधीच असलेली माहिती हा त्याला मोठा अपवाद. मावशीची गोष्ट कुठल्याही कोर्टाच्या कागदात नाही, वर्तमानपत्रात नाही. पुढे २०१७ साली नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. वकिलाचा सल्ला तू घेच, पण कागद पुढे सरकवायचाय एवढ्यासाठी घेऊ नकोस. कोर्टात जाणारी तुझी मावशी नाहीच. ती काही न बोलता घरात बसेल आणि गावात बाहेर पडणं बंद करेल, मला त्याची जास्त काळजी वाटते.

आता काकांकडे येते. तुझ्या अख्ख्या पत्रात मला सर्वांत जास्त खटकलं ते हे, आणि तू ते एका वाक्यात उरकलंयस.

तू एका साध्या माणसाला दारुडा आणि मारकुटा केलंस. का, तर बायकोचं मन दुसरीकडे गेलं हे प्रेक्षकांना पटावं म्हणून. परिणाम काय होईल बघ. मावशी ओळखू आली की काकाही ओळखू येणार, आणि ज्या माणसाने आयुष्यात कधी हात उगारला नाही तो सत्तरी ओलांडल्यावर बायकोला मारणारा म्हणून गावात ओळखला जाणार. जे घडलं ते उघड करणं वेगळं, जे घडलंच नाही ते चिकटवणं त्याहून वाईट. तो उघड बदनामीचा मामला आहे, आणि तो माणूस तुझ्या लहानपणी तुला स्टेशनवर आणायला येत असणार.

पण मी हे फक्त नात्याच्या काळजीने सांगत नाहीये. त्या मारहाणीने तुझा सिनेमाच लहान झालाय. मार खाणारी बाई प्रेमाच्या शोधात बाहेर गेली तर प्रेक्षक सुटकेचा नि:श्वास टाकतो. त्याला काही ठरवावं लागत नाही. तुझ्या मावशीची खरी गोष्ट कितीतरी अवघड आहे. घरात धड सगळं आहे, नवरा पगार आणून हातावर ठेवतो, रविवारी मटण आणतो, मुलांचा अभ्यास घेतो, आणि तरी एका बाईला गुरुवारची वाट बघावीशी वाटते. तिला हवंसं वाटलं. त्याला कारण लागत नाही. आपल्याकडे बाईच्या इच्छेला कुठलंतरी दुःख दाखला म्हणून जोडल्याशिवाय ती पडद्यावर येऊ देत नाहीत, आणि तूसुद्धा, मावशीवर इतका जीव असूनही, तिच्यासाठी तसा दाखला तयार करून ठेवलास. तिने तुला सांगताना काकांची तक्रार केली होती का? पत्रात तरी तसं काही दिसत नाही.

सत्यजित राय यांचा 'चारुलता' (१९६४) पाहिला असशीलच, नसशील तर या आठवड्यात पाहा. त्यातला भूपती वाईट माणूस नाही. इंग्रजी वर्तमानपत्र काढण्याच्या ध्यासात बुडालेला, सरळ, बायकोवर माया असलेला. चारू दुर्बिणीतून खिडकीबाहेरचा रस्ता न्याहाळते आणि तोच भूपती पुस्तकात डोकं घालून तिच्या शेजारून निघून जातो, तो तिला बघतही नाही. एवढंच. पुढे नात्यातला धाकटा दीर, अमल, घरात येतो आणि चारूचं मन त्याच्याकडे ओढलं जातं, तेव्हा आपल्याला तिघांपैकी कुणाचाच राग करता येत नाही. शेवटी भूपतीला कळतं आणि तो बग्गीत एकटा बसून रडतो, तो प्रसंग तुझ्या दारुड्या नवऱ्याच्या वाट्याला कधीच येणार नाही. दारुड्याचं रडणं कोण बघत बसतं?

आणि त्याच सिनेमाच्या मुळाशी तुझ्या पहिल्या प्रश्नाचंही काही आहे. राय यांनी तो रवींद्रनाथ ठाकुरांच्या 'नष्टनीड' या १९०१ सालच्या लघुकादंबरीवरून केला. रवींद्रनाथांचा जिच्यावर फार जीव होता ती त्यांची वहिनी कादंबरीदेवी १८८४ सालीच गेली होती. मधे सतरा वर्षं गेली, माणसं बदलली, प्रसंग बदलले. तरीही आज सव्वाशे वर्षांनी लोक चारूमध्ये कादंबरीदेवीला शोधतात, त्यावर लेख लिहितात, वाद घालतात. तुझ्या मावशीच्या बाबतीत तर मधे एकही वर्ष जाणार नाही. ती त्याच गावात, त्याच घरात असेल.

एक चूक मात्र सुधारच, कारण ती साधी माहितीची आहे. दुसऱ्या सीनमध्ये नवरा बायकोला धमकी देतो, 'व्यभिचाराच्या कलमाखाली तुला आत टाकीन.' १९९४ साली हे शक्यच नव्हतं. भारतीय दंड संहितेचं कलम ४९७ तेव्हा होतं, पण ते फक्त त्या दुसऱ्या पुरुषाला लागायचं, पाच वर्षांपर्यंत कैद. बाईला त्यात शिक्षा नव्हती, साथ दिली म्हणूनही नव्हती. तक्रार करायचा हक्क नवऱ्याला. त्या दुसऱ्या पुरुषाची बायको असेल तर तिला तक्रारीचा हक्कच नव्हता. आणि नवऱ्याची संमती असेल तर गुन्हाच होत नव्हता. म्हणजे कायद्याच्या लेखी हा दोन पुरुषांमधला व्यवहार होता, बाई त्यात गुन्हेगारही नव्हती आणि माणूसही नव्हती. सप्टेंबर २०१८मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 'जोसेफ शाइन' खटल्यात ते कलम रद्द केलं, आणि आताच्या भारतीय न्याय संहितेत ते नाही. घटस्फोटासाठी व्यभिचार हे कारण अजूनही आहे, तो भाग वेगळा. पण तुझ्या नायिकेच्या काळात तिची सगळी भीती स्वतःसाठी नसणार, त्या लायब्ररीतल्या माणसासाठी असणार. पकडले गेलो तर तुरुंगात तो जाईल, आपण घरी राहू. यातून निघणारा प्रसंग तुझ्या धमकीच्या प्रसंगापेक्षा कितीतरी खोल जाईल.

त्या माणसाचं नाव निघालंच आहे म्हणून विचारते, तो कुठे आहे? त्याचं घर, त्याची मुलं? मावशी स्वतःपुरती हो म्हणू शकते. त्याच्या वतीने नाही. तेव्हा मावशीने परवानगी दिली तरी त्या माणसाच्या खुणा पुसाव्याच लागतील. लायब्ररी नको, कंपाउंडरकाम नको, ती खोलीही नको.

मावशीला विचारायचं कसं, ते जरा सविस्तर सांगते, कारण इथे घाई झाली तर सगळं बिघडेल.

फोनवर नको. व्हॉट्सॲपवर संहिता तर अजिबात पाठवू नकोस, सत्तरीच्या बाईचा फोन घरात मुलगा, सून, नातू सगळे हाताळतात. छापील प्रतही तिच्याजवळ ठेवून येऊ नकोस. दिवाळीत घर भरलेलं असताना नको, काका बाहेरच्या खोलीत पेपर वाचत असतानाही नको. तिला तुझ्याकडे मुंबईला चार दिवस बोलाव, किंवा तपासणीच्या निमित्ताने तूच तिच्याबरोबर जा, आणि एकांत असेल तेव्हा सांग की मी असं असं लिहिलंय. मग तिला पूर्ण वाचून दाखव. नवऱ्याची मारहाण आधी काढून टाक आणि मग वाच, नाहीतर ती तिथेच उठून जाईल, आणि बरोबरच करेल.

ती रागावेल, रडेल, किंवा गप्प होईल. तिन्हींना जागा ठेव. आणि ती जर म्हणाली, 'कर बाई, तुझं भलं होत असेल तर कर,' तर त्याला होकार समजू नकोस. आपल्या घरांतल्या बायका भाचीच्या करिअरसाठी स्वतःचं काहीही देऊन टाकतात, आणि तू तिची लाडकी आहेस. तिला स्पष्ट सांग की तू नाही म्हणालीस तर मी दुसरं काहीतरी लिहीन, आपल्यात काही बदलणार नाही. मग परत ये. दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा विचार. दरम्यानच्या काळात तिला झोप लागली का, हे तूच ओळखशील.

असंही होईल की ती हो म्हणेल आणि तुला न सुचलेल्या गोष्टी सांगेल. कदाचित ते संपलं कसं हे तिने तुला अजून पूर्ण सांगितलेलंच नाही. तुझ्या संहितेत तो माणूस बदली होऊन निघून जातो, आणि मला तो भाग सोयीचा वाटला. दोन वर्षांचं नातं बदलीच्या ऑर्डरने संपत असेलही, पण मावशीने तेवढंच सांगितलं असेल तर तिथे अजून काहीतरी आहे.

आता तुझी अभिनेत्री. ती अडलीय म्हणजे ती जुन्या विचारांची आहे असं धरून चालू नकोस. तो प्रणयाचा सीन वाचताना मीही अडले. त्यात दोघं काय करतात हे लिहिलंय, पण त्या क्षणी तिला काय हवंय हे लिहिलेलं नाही. तिला धीट व्हायचंय की लपायचंय? पंधरा वर्षं एकाच पुरुषाचा स्पर्श ठाऊक असलेली बाई दुसऱ्याच्या खोलीत आल्यावर आधी काय करेल? घड्याळ काढून ठेवेल? कडी लावलीय का ते पुन्हा बघेल? हे तुला सापडलं तर अर्धा सीन कपड्यांतच होईल. वोंग कार-वाय यांच्या 'इन द मूड फॉर लव्ह' (२०००) मध्ये १९६२च्या हाँगकाँगमधले दोन शेजारी आहेत, ज्यांचे जोडीदार एकमेकांत गुंतलेत. त्या जोडीदारांचे चेहरे आपल्याला दाखवलेच जात नाहीत. आणि या दोघांची ओढ नूडल्स आणायला जाता-येता, अरुंद जिन्यात एकमेकांना वाट देताना कळते. अंगाला अंग न लागता. सगळ्यांनी तसंच करावं असं नाही, तुझ्या सिनेमाला देह हवा असेल तर देह दाखव. पण कशासाठी ते तुला माहीत हवं, तेव्हाच ते तिलाही कळेल.

आणि सीन ठेवायचा ठरला तर सगळं लेखी. काय दिसेल, किती दिसेल, सेटवर कोण कोण असेल, फुटेज कुणाकडे राहील. प्रणयदृश्यं कलाकारांच्या संमतीने बसवून देणारे इंटिमसी कोऑर्डिनेटर आता आपल्याकडेही असतात. बजेट पुरत नसेल तर निदान एक दिवस कुणालातरी तालमीला बोलाव. तालीम पूर्ण कपड्यांत, हालचाली नाचासारख्या बसवून. शूटच्या दिवशी गरजेपुरती माणसं, फोन बाहेर, मॉनिटरपाशी निर्मात्याचे मित्र नकोत. ऐन वेळी ती नाही म्हणाली तर त्या दिवशी तो सीन होणार नाही, हे तिला तू आधीच सांगितलेलं हवं. आणि एडिट झालेला सीन सगळ्यात आधी तिला दाखव. मावशीला विचारणं आणि हिला विचारणं यात मला फारसा फरक दिसत नाही.

निर्मात्याच्या माफीच्या शेवटाला ठाम नाही म्हण. त्याची भीती खोटी नाही. 'ए', म्हणजे फक्त प्रौढांसाठीचं सर्टिफिकेट मिळालं तर सिनेमा तसाच्या तसा टीव्हीवर दाखवता येत नाही आणि चॅनेलचे पैसे जातात, छोट्या निर्मात्याला ते परवडत नाही. पण बाईने माफी मागितल्याने सर्टिफिकेट बदलत नाही. सेन्सॉरचं लक्ष मुख्यतः दृश्य आणि भाषा यांच्यावर असतं. २०२४च्या नियमांनी 'यूए'चे (मुलांनी पालकांच्या मार्गदर्शनाखाली बघायच्या सिनेमांचे) सात, तेरा आणि सोळा वर्षांवरचे असे तीन भाग केलेत, आणि संयमाने केलेला सिनेमा 'यूए १६+'मध्ये बसू शकतो. त्याला हे समजावून सांग. आणि 'अस्तित्व'ची आठवण करून दे. महेश मांजरेकरांनी २००० साली तो मराठी आणि हिंदी अशा दोन्ही भाषांत केला. तब्बूची आदिती वर्षानुवर्षं जपलेलं सत्य उघडं पडल्यावर शेवटी घर सोडून निघते. त्याला मराठीतल्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पंचवीस वर्षांपूर्वी जे चाललं ते आज का चालू नये? मावशीच्या खऱ्या गोष्टीत तर कुणी घर सोडत नाही, कुणी माफी मागत नाही, कुणाला कळतसुद्धा नाही. ती बाई संध्याकाळी घरी येते, कुकर लावते आणि पुढची तीस वर्षं त्याच नवऱ्याबरोबर राहते, बहुधा सुखाने. मला हा शेवट आदितीच्या शेवटापेक्षाही धाडसाचा वाटतो. त्याला हात लावू देऊ नकोस.

आणि मावशी नाही म्हणाली तर? तर ती माणसं, ते गाव, ते साल, ती लुना सगळं तिला परत दे. मग तुझ्यापाशी काय उरतं ते बघ, कारण बरंच उरतं. तू पत्रात एक ओळ लिहिली होतीस, मी ती वर छापली नाही: 'त्या रात्रीपासून मला काकांकडे नीट बघवत नाही.' हे पूर्णपणे तुझं आहे. दुसऱ्याचं गुपित पोटात घेऊन त्याच घरात जेवायला बसणारी एकतीस वर्षांची मुलगी, तिचा राग कुणावर आहे तेच तिला कळत नाही. तू काकांना दारुडं का केलंस याचं उत्तर मला वाटतं तिथेच आहे. त्यांना वाईट केलं की तुला त्यांच्याकडे बघणं सोपं जात होतं. दुसऱ्या घरातल्या, दुसऱ्या नात्यातल्या दोन बायका घेऊन यावर लिही. बापाचं गुपित कळलेला मुलगाही चालेल. दोन वर्षं जी पटकथा घासलीस तिचा हात त्यात येईलच.

निर्मात्याला मात्र याच आठवड्यात भेट. मावशीचं नाव किंवा नातं न सांगता एवढंच सांग की गोष्टीला एका हयात व्यक्तीची संमती हवी आहे आणि ती अजून घेतलेली नाही, तोवर मिरजेची रेकी, म्हणजे जागांची पाहणी, आणि कुणाचेही ॲडव्हान्स थांबव. तो चिडला तर चिडू दे. दिवाळीनंतरचं शेड्यूल उन्हाळ्यावर गेलं तर नुकसान थोडं होईल, सिनेमा पूर्ण झाल्यावर थांबवावा लागला तर सगळंच जाईल, हे हिशेबाच्या माणसाला कळतं. मावशी हो म्हणाली तर तिच्याकडून दोन ओळी लिहून घे, आणि त्याच कागदावर तू लिहून दे की फायनल एडिटच्या आधी रफ कट, म्हणजे सिनेमाची पहिली कच्ची जुळणी, तिला एकटीला दाखवीन आणि ती म्हणेल ते काढीन. हे निर्मात्याच्या करारातही आलं पाहिजे. तो तयार नसेल तर दुसरा निर्माता शोध.